पाळी थांबतानाच्या त्रासासाठी कमी मात्रेचे हॉर्मोन उपचार: सुरुवात, मात्रा आणि देखरेख

दवाखान्यात जाण्यापूर्वी चार आठवडे एक साधे काम करावे. स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयाच्या ज्या चौकटींत आजवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि पाळीची फुली मांडली, त्याच चौकटींत आता दिवसभरात अंगातून गरम वाफा जितक्या वेळा आल्या तितक्या उभ्या रेघा माराव्यात, आणि रात्री घामाने जाग आली असेल तर तो आकडा खाली वेगळा लिहावा. सगळ्या वाफा सारख्या नसतात. एखादी छातीतून कानशिलांपर्यंत चढते आणि हातातले काम न थांबवता ओसरते. एखादीत तव्यावरची पोळी तशीच टाकून, गॅस बंद करून खिडकीशी उभे राहावे लागते आणि पाच मिनिटांनी ओल्या पाठीला वारा लागून हुडहुडी भरते. या दुसऱ्या जातीच्या रेघेभोवती गोल करावा.

हा कागद दोनदा उपयोगी पडतो. उपचार मुळात हवेत की नाही हे ठरवताना डॉक्टर तो पाहतात, आणि घेतलेली कमी मात्रा पुरते की नाही याचा निवाडा तीन महिन्यांनी करायलाही तोच लागतो. आठवणीवर विसंबून हा निवाडा होत नाही. हॉर्मोन उपचारांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या वाफाही निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले होते. म्हणजे उलटत जाणारा काळ आणि आपण काहीतरी उपाय करत आहोत हा दिलासा, यांचाही वाटा मोठा असतो. रक्तातल्या हॉर्मोनचे आकडे या कामी फारसे येत नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पाळी लांबू लागलेल्या आणि वाफा येणाऱ्या स्त्रीला एफएसएचची (अंडाशयांना चालना देणाऱ्या हॉर्मोनची) तपासणी सहसा लागतच नाही, कारण या काळात तो आकडा सतत वरखाली होत असतो; मात्रा कमी-जास्त करण्याचा निर्णयही सहसा लक्षणांवरूनच घेतला जातो.

‘कमी’ म्हणजे नेमके किती

शेवटच्या पाळीनंतर बारा महिने उलटले की पाळी थांबली असे म्हणतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ आहे, तर युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास आहे. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन घटले की मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला पूर्वी चालत असलेला थोडाफार चढउतार चालेनासा होतो. शरीर किंचित तापले तरी ते केंद्र त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडते आणि घाम सोडते. बाहेरून इस्ट्रोजेन मिळाले की ते पुन्हा शांत होते, आणि त्यासाठी तरुणपणी रक्तात असे तितके इस्ट्रोजेन लागत नाही. कमी मात्रेचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या मिश्र इस्ट्रोजेनची गोळी अमेरिकेत १९४२ पासून मिळते, आणि तिची ०.६२५ मिलिग्रॅमची मात्रा अनेक दशके प्रमाण मानली गेली. तिच्या तुलनेत ०.३ आणि ०.४५ मिलिग्रॅम या कमी मात्रा ठरतात. अंडाशय जे इस्ट्रोजेन बनवते त्याच्याशी तंतोतंत जुळणारे औषध म्हणजे इस्ट्राडिऑल; त्याची १ मिलिग्रॅमची गोळी प्रमाण आणि अर्ध्या मिलिग्रॅमची कमी मात्रेची समजली जाते. त्वचेवर चिकटवायच्या पॅचमधून दिवसाला ५० मायक्रोग्रॅम मिळत असतील तर ती प्रमाण मात्रा, २५ मायक्रोग्रॅम ही कमी मात्रा आणि १४ मायक्रोग्रॅम ही त्याहूनही खालची मात्रा. जेल ०.०६ टक्क्यांचे असेल तर १.२५ ग्रॅम जेलमध्ये ०.७५ मिलिग्रॅम इस्ट्राडिऑल असते, आणि बहुतेकींची सुरुवात तेवढ्यावर करता येते.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पॅचवरचे २५ आणि गोळीवरचे ०.५ हे आकडे शेजारी ठेवून कोणते औषध ‘स्ट्राँग’ हे ठरवता येत नाही. एक मायक्रोग्रॅममध्ये आहे, दुसरा मिलिग्रॅममध्ये. शिवाय पोटातून गेलेल्या गोळीचा मोठा हिस्सा यकृत आधीच मोडून टाकते, तर त्वचेतून गेलेले औषध थेट रक्तात उतरते. म्हणून मैत्रिणीच्या गोळीवरचा आकडा आणि आपल्या जेलवरचा आकडा यांची तुलना करून मात्रा वाढवू किंवा घटवू नये.

शाकाहार कसोशीने पाळणाऱ्या स्त्रियांना घोडीच्या मूत्राची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली. इस्ट्राडिऑल वनस्पतींतून मिळणाऱ्या द्रव्यापासून बनवतात. इस्ट्रोजेनच्या जोडीला द्यावे लागणारे दुसरे हॉर्मोन म्हणजे प्रोजेस्टेरॉन; त्याच्या मऊ कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे (प्राण्यांपासून काढलेले) असते, तेव्हा ज्यांना ते चालत नाही त्यांनी चिठ्ठी लिहून घेतानाच तसे सांगावे.

भीती कुठून आली

हॉर्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, हे वाक्य आपल्याकडे बहुतेकींनी ऐकलेले असते. त्याचा उगम बऱ्याच अंशी जुलै २००२ मध्ये आहे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा एक भाग त्या महिन्यात मुदतीआधी थांबवण्यात आला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या, त्यांचे सरासरी वय ६३ होते, आणि औषध घेणाऱ्या गटाला ०.६२५ मिलिग्रॅम मिश्र इस्ट्रोजेन व २.५ मिलिग्रॅम मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम औषध) ही जोडगोळी रोज दिली जात होती. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कॅन्सर होणाऱ्यांची संख्या खोट्या गोळीच्या गटात ३० आणि औषधाच्या गटात ३८ भरली. म्हणजे आठ जणी अधिक. पक्षाघात आणि फुप्फुसात गुठळी अडकणे यांतही प्रत्येकी आठांची वाढ दिसली, तर खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण पाचांनी घटले. गर्भाशय आधीच काढलेल्या स्त्रियांना दिलेल्या एकट्या इस्ट्रोजेनची चाचणी २००४ मध्ये थांबली, आणि तिच्यात स्तनाच्या कॅन्सरची वाढ दिसली नाही.

हे आकडे नाकारण्याचे कारण नाही, पण ते कोणाचे आहेत हे विसरण्याचेही कारण नाही. पाळी थांबून दहा-बारा वर्षे झालेल्या साठीपुढच्या स्त्रीला प्रथमच औषध सुरू करणे आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, वाफांनी झोप उडालेली असताना ते सुरू करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज सर्वसाधारण नियम असा आहे की वय साठीच्या आत असेल किंवा पाळी थांबून दहा वर्षे झाली नसतील, आणि खाली दिलेल्या अडचणींपैकी एकही नसेल, तर त्रासदायक वाफांसाठी उपचारांचा लाभ धोक्यांपेक्षा अधिक भरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचे चौकटीतले कडक इशारे मोठ्या प्रमाणात काढून टाकण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये केली. मात्र गर्भाशय असताना एकटे इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा त्यातून वगळला नाही, आणि तो का ठेवला हे पुढे येईलच.

कमी मात्रेबद्दल प्रामाणिकपणे एवढे सांगता येते की स्तन दुखणे, मळमळ आणि अवेळी रक्तस्राव हे त्रास तिच्यात कमी होतात, हे चाचण्यांतून दिसलेले आहे. कॅन्सर आणि गुठळीचा धोकाही मात्रेबरोबर उतरत असावा हे तर्काला धरून आहे, पण २००२ सारखी प्रचंड आणि दीर्घ चाचणी कमी मात्रेसाठी झालेली नाही. म्हणून ‘कमी मात्रा आहे, तपासणीची गरज नाही’ असे जिथे ऐकू येईल तिथे सावध व्हावे, असे माझे मत आहे.

कोणी घेऊ नये, आणि कोणाला कमी मात्रा पुरत नाही

स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा दुसरा कॅन्सर होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा योनीतून रक्त जात असून त्याचे कारण शोधलेले नसेल, तर हे उपचार सुरू करत नाहीत. अशा स्त्रियांसाठी वाफांवर हॉर्मोन नसलेली औषधे आहेत: व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, कमी मात्रेतले पॅरॉक्सेटिन, आणि मेंदूतल्या त्या तापमानकेंद्रावरच काम करणारे फेझोलिनेटंट, ज्याला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमोक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन टाळतात, कारण ते टॅमोक्सिफेनचा परिणाम कमी करते. रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी किंवा पित्ताशयातले खडे यांमुळे दार बंद होत नाही, पण गोळीऐवजी त्वचेवरून द्यायचे औषध निवडण्याकडे कल राहतो.

आता उलटी बाजू. चाळिशीच्या आत पाळी थांबलेल्या किंवा शस्त्रक्रियेत अंडाशये काढून टाकलेल्या स्त्रीला कमी मात्रा ही कृपा ठरत नाही, उणीव ठरते. तिच्या शरीराला अजून दहा-पंधरा वर्षे इस्ट्रोजेन मिळायला हवे होते. ते न मिळाल्यास हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत प्रमाण किंवा त्याहून अधिक मात्रा देण्याची शिफारस आहे, आणि २००२ चे धोक्याचे आकडे तिला लावले जात नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या तरुण बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आल्या. त्या चर्चेत ‘पिशवी काढली’ एवढाच शब्दप्रयोग वारंवार कानी पडला. पण पिशवीबरोबर अंडाशये काढली की ठेवली, हाच पुढच्या उपचाराचा पहिला प्रश्न आहे, आणि ठेवली असली तरी ती अपेक्षेपेक्षा लवकर थकू शकतात. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी डिस्चार्ज कार्ड शोधून सोबत न्यावे. ते नसेल तर सोनोग्राफीत अंडाशये दिसतात का हे विचारावे.

सुरुवातीची भेट

या भेटीत रक्तदाब आणि वजन पाहिले जाते, स्तनांची तपासणी होते, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि गर्भाशयमुखाची चाचणी वयानुसार राहिली असेल तर ती करून घेतली जाते, आणि साखर व चरबीचे प्रमाण पाहतात. घरात आई, मावशी किंवा बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तो कितव्या वर्षी झाला हे आधी विचारून ठेवावे, कारण पस्तिसाव्या वर्षी झालेला आणि पंचाहत्तराव्या वर्षी झालेला आजार यांचा अर्थ सारखा नसतो.

चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत, आणि त्यांत काढे, चूर्णे व ‘महिलांसाठी’ म्हणून आणलेल्या गोळ्याही असाव्यात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने तोंडाने इस्ट्रोजेन सुरू केले तर थायरॉइडची मात्रा वाढवावी लागू शकते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करतात; जेल किंवा पॅचने सहसा हा प्रश्न येत नाही. क्षयरोगाच्या उपचारातले रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधे इस्ट्रोजेन लवकर मोडून टाकतात, आणि मग कमी मात्रा न घेतल्यासारखीच होते.

पाळी अजून अधूनमधून येत असेल तर गर्भनिरोधनाचा प्रश्न याच भेटीत काढावा. कमी मात्रेच्या हॉर्मोन उपचारांनी गर्भधारणा टळत नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावी लागते.

गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन सोडू नये

या लेखातले बाकी सगळे विसरले तरी चालेल, इतका हा भाग महत्त्वाचा आहे. एकटे इस्ट्रोजेन गर्भाशयाच्या अस्तराला सतत वाढायला लावते, आणि त्या वाढीतून पुढे कॅन्सर होऊ शकतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या पेपी या चाचणीत ०.६२५ मिलिग्रॅम इस्ट्रोजेन एकटे घेणाऱ्या स्त्रियांपैकी ६२ टक्के स्त्रियांच्या अस्तरात तीन वर्षांत कोणत्या ना कोणत्या प्रकारची अनिष्ट वाढ आढळली होती. जोडीला प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत ती जवळजवळ नव्हती. मात्रा कमी असली तरी, गोळी, पॅच किंवा जेल यांतून इस्ट्रोजेन सगळ्या शरीरात जात असेल तर ही जोड लागते. गर्भाशय काढलेले असेल तर सहसा लागत नाही.

पाळी थांबून वर्ष उलटले असेल तर सूक्ष्म कणांचे प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम रोज रात्री देतात. पाळी अजून येत असेल किंवा नुकतीच थांबली असेल तर महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम देतात, आणि मग ते बंद केल्यावर पाळीसारखा रक्तस्राव होतो. हीच कॅप्सूल गरोदरपणातही वापरली जात असल्याने औषध विक्रेता कधी कधी ‘कोणासाठी हवी आहे?’ असे विचारतो आणि पन्नाशीची बाई ओशाळून परत फिरते. चिठ्ठी बरोबर आहे, औषधही बरोबर आहे. प्रोजेस्टेरॉनऐवजी डायड्रोजेस्टेरॉनही चालते, आणि जास्त रक्तस्रावासाठी लिव्होनॉर्जेस्ट्रेलची ५२ मिलिग्रॅमची हॉर्मोन असलेली तांबी आधीच बसवलेली असेल तर पाच वर्षांपर्यंत अस्तराचे संरक्षण तीच करते.

प्रोजेस्टेरॉनने झोप येते. म्हणून ते रात्री अंथरुणावर पडण्याच्या बेताला घ्यावे, आणि अनेकींना हा परिणाम वरदानच वाटतो. ज्यांना सकाळी डोके जड वाटते त्या मात्र कॅप्सूल टाळू लागतात आणि जेल चालू ठेवतात, कारण आराम जेलने पडलेला असतो. हीच सर्वांत वाईट तडजोड आहे. सोसत नसेल तर दोन्ही थांबवून डॉक्टरांकडे जावे, एकच थांबवू नये.

गोळी, पॅच की जेल

तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन यकृतातून जाताना रक्त गोठवणारी द्रव्ये वाढवते, आणि त्यामुळे गुठळीचा धोका थोडा वाढतो. त्वचेवरून दिलेल्या इस्ट्रोजेनने तो वाढल्याचे मोठ्या निरीक्षणांत आढळलेले नाही. वजन जास्त असलेल्या, धूम्रपान किंवा मशेरी-तंबाखूची सवय असलेल्या, किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढलेल्या स्त्रीसाठी म्हणूनच जेल किंवा पॅच बरा. गोळी स्वस्त आणि सोपी आहे, आणि धडधाकट स्त्रीसाठी कमी मात्रेची गोळी गैर नाही.

पॅच कमरेखाली, ओटीपोटावर किंवा कुल्ल्यावर लावतात. स्तनांवर कधीही लावत नाहीत. तो लावताना आपल्या कपड्यांचा विचार करावा लागतो. परकराची किंवा सलवारची नाडी जिथे रोज करकचते त्या पट्ट्यात लावलेला पॅच दोन दिवसांत कडेने सुटतो आणि नाडीला चिकटून धुण्यात जातो. नाडीच्या चार बोटे खाली, कोरड्या आणि तेल न लावलेल्या त्वचेवर तो ठेवून तळहाताने दहा सेकंद दाबून धरावा. आठवड्यातून दोनदा बदलायचा असेल तर वार ठरवून टाकावेत, आणि प्रत्येक वेळी जागा बदलावी. मुंबई-कोकणातल्या मे महिन्याच्या घामात पॅच टिकत नसेल तर त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा जेलवर जाणे शहाणपणाचे. काढलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असते. तो चिकट बाजू आत घेऊन दुमडावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा.

जेल आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडे झाल्यावर, रोज साधारण एकाच वेळी लावावे. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर ते पातळ पसरायचे असते. मलमासारखे चोळून जिरवायचे नसते. पाच मिनिटे वाळू द्यावे आणि तासभर ती जागा धुऊ नये. लावल्यावर हात साबणाने धुवावेत. जेलमध्ये अल्कोहोल असल्याने ते पेट घेऊ शकते, म्हणून ते वाळेपर्यंत गॅसपाशी किंवा समई लावायला देवघरात जाऊ नये. आणि ज्यांच्या घरी लहान नातवंडे आहेत त्यांनी दंडाऐवजी मांडी निवडावी: सकाळी दंडावर जेल लावून लगेच बाळाला कडेवर घेतले, तर बाळाच्या गालाला आणि हातांना तेच औषध लागते, आणि लहान मुलांत त्यामुळे अकाली स्तनवाढ होऊ शकते.

पहिले तीन महिने

कमी मात्रेबाबत सर्वाधिक चूक होते ती घाईची. प्रमाण मात्रेचा परिणाम साधारण चार आठवड्यांत दिसू लागतो. कमी मात्रेला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. पंधराव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देणे किंवा स्वतःच दुप्पट करणे, या दोन्हींमुळे औषधाची परीक्षा होतच नाही. बाराव्या आठवड्यात कालनिर्णयाची जुनी पाने काढावीत आणि रेघांची तुलना करावी. प्रमाण मात्रेने वाफांची संख्या सुमारे ७५ टक्के आणि कमी मात्रेने सुमारे ६५ टक्के घटते. म्हणजे दिवसाला दहा येत होत्या त्या तीन-चारांवर आल्या आणि गोल केलेल्या रेघा जवळपास नाहीशा झाल्या, तर मात्रा पुरते आहे असे समजावे. शून्याचा हट्ट धरला तर प्रत्येकीला मोठी मात्रा लागेल. उलट, रात्रीच्या जागण्याचा आकडा हलला नसेल तर ‘कमी तेच चांगले’ म्हणून कुढत बसण्यात काही अर्थ नाही. डॉक्टरांशी बोलून एक पायरी चढावी.

पहिल्या काही आठवड्यांत स्तन हुळहुळे होणे किंवा पोट फुगल्यासारखे वाटणे हे बहुतेक वेळा आपोआप जाते. रोज प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या स्त्रीला पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग दिसू शकतात. सहा महिन्यांनंतरही ते चालू राहिले, किंवा रक्त पूर्ण थांबून नंतर पुन्हा आले, तर सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहणे आणि गरज पडल्यास त्याचा तुकडा तपासणे आवश्यक आहे. ‘औषधाने होत असेल’ असा अंदाज बांधून थांबू नये. एका पायाच्या पोटरीला सूज व दुखणे, अचानक धाप, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर औषध थांबवून तडक रुग्णालय गाठावे.

फक्त खालचा त्रास असेल तर

वाफा नाहीत, पण योनीमार्ग कोरडा पडला आहे, संबंधांच्या वेळी दुखते, लघवीला जळजळ होते आणि वर्षातून तीन-चारदा लघवीचा जंतुसंसर्ग होतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. त्या ती सांगायला लाजतात आणि वर्षानुवर्षे पाणी जास्त पिण्याचा सल्ला ऐकत राहतात. त्यांना सगळ्या शरीरात जाणारे औषध लागतच नाही. योनीमार्गात ठेवायची इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा इस्ट्रिऑलचे मलम सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा वापरतात. रक्तात ते इतके थोडे उतरते की जोडीला प्रोजेस्टेरॉन लागत नाही. वाफा वर्षांगणिक मंदावतात, पण हा कोरडेपणा वाढतच जातो, म्हणून हा उपचार सत्तरीतही चालू ठेवता येतो. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्या स्त्रीने तो कॅन्सरतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा.

किती दिवस, आणि थांबवायचे कसे

वाफांचा त्रास सरासरी सात वर्षांच्या आसपास रेंगाळतो, काहींना कमी, काहींना कितीतरी अधिक. त्यामुळे पाच वर्षे झाली म्हणून तारखेने औषध बंद करण्याचा नियम आता राहिलेला नाही. दर वर्षी एकदा भेट घ्यावी, रक्तदाब आणि स्तनांची तपासणी करावी, मॅमोग्राफी तिच्या वेळापत्रकाप्रमाणे करावी, आणि मात्रा आणखी खाली आणता येईल का हा प्रश्न त्या भेटीत आपणहून विचारावा.

औषध एकदम थांबवले काय किंवा हळूहळू उतरवले काय, दीर्घकाळाचा विचार करता निकालात फारसा फरक दिसत नाही. हळूहळू उतरवल्यास सुरुवातीचे आठवडे मात्र सुसह्य जातात. साधारण निम्म्या स्त्रियांना वाफा पुन्हा जाणवतात, आणि त्या फार झाल्या तर पूर्वीच्या कमी मात्रेवर परतता येते. उतरवताना इस्ट्रोजेन आधी आणि प्रोजेस्टेरॉन त्याच्याबरोबर किंवा त्यानंतर थांबवावे, आधी नव्हे. वेळ निवडता येत असेल तर मार्च ते जून हे महिने सोडावेत. बाहेर चाळीस अंश असताना आलेला घाम उन्हाळ्याचा की औषध थांबवल्याचा, हे कालनिर्णयावरच्या रेघांनाही सांगता येत नाही. डिसेंबरमध्ये, पंखा बंद असताना पहाटे आलेला घाम मात्र बरोबर ओळखता येतो.